तुमचं नेटिव्ह कुठलं?

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात जांबे नावाचे गाव आहे. हिंजवडी आणि मारुंजीच्या बाजूने शहर या भागात सरकत आले आहे. भातखाचरे, उसाचे फड, गोठे एका अंगाला आणि उंच इमारतींचे सांगाडे दुसऱ्या अंगाला, असे दृश्य इथे दिसते. या गावातल्या मुलांबरोबर झाडांची पाहणी करायला मी गेलो होतो. काम सोपे होते. वाटेत दिसेल त्या झाडाचे नाव लिहायचे, आणि पुढे दोन रकाने भरायचे : ‘इथले’ आणि ‘बाहेरचे’.

वड, उंबर, करंज, जांभूळ ‘इथले’ या रकान्यात गेले. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, घाणेरी अमेरिकेतली, म्हणून ती ‘बाहेरची’. मुले रंगात आली होती. तेवढ्यात एका मुलाने शेजारच्या मुलीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “सर, ही पण बाहेरचीच!” बाकीची हसली. ती हसली नाही. तिचे वडील बांधकामावर काम करतात. एका जिल्ह्यातले आजोबांचे गाव, दुसऱ्या जिल्ह्यातल्या वीटभट्टीवर तिचा जन्म, आणि आता मुक्काम जांब्यात. थोड्या वेळाने तिने मलाच विचारले, “सर, तुमचं नेटिव्ह कुठलं?”

मी माझ्या आजोबांच्या गावाचे नाव सांगितले. त्या गावात मी आयुष्यातले सलग पंधरा दिवसही काढलेले नाहीत. उत्तर देताना ते मला जाणवले, आणि रकाने आखणारा मीच होतो हेही जाणवले. परतताना ‘नेटिव्ह’ हा शब्द डोक्यात घोळत राहिला. तो कोठून आला, त्याचा अर्थ काय होता, आणि आपल्याकडे येऊन त्याचे काय झाले, याची ही हकिकत आहे.

शब्दाची नाळ

इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमार्फत लॅटिनमधून घेतला. लॅटिनमध्ये ‘नास्की’ म्हणजे जन्मणे, ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला आणि ‘नातिवुस’ म्हणजे जन्माने असलेला, जन्मजात. याच घराण्यात ‘नेशन’ आणि ‘नेचर’ हे शब्द आहेत. ‘नाईव्ह’ म्हणजे भोळा, हा शब्द तर ‘नेटिव्ह’चा सख्खा भाऊ. मूळ शब्द तोच, फक्त फ्रेंचमध्ये झिजून वेगळ्या वाटेने इंग्रजीत आला.

या घराण्यातला एक शब्द आपण मराठीत रोजच्या वापरात घेतला आहे आणि तो या घराण्यातला आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. तो शब्द म्हणजे ‘नाताळ’. पोर्तुगीज भाषेत ‘नाताल’ म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण. १४९७ च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यावरून गेला त्याला त्याने ‘नाताल’ हेच नाव दिले. पुढे १८६० पासून त्याच नाताळ वसाहतीत भारतीय मजूर करारावर नेले गेले, आणि १८९४ साली गांधीजींनी तिथे नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली. जन्माचे नाव धारण करणाऱ्या भूमीवर, तिथे न जन्मलेल्यांच्या हक्कांचा लढा उभा राहिला.

पण ही नाळ आणखी खोल जाते. ‘नातुस’चे जुने लॅटिन रूप ‘ग्नातुस’ असे होते. सुरुवातीचा ‘ग’ पुढे गळाला. तो कोठे टिकून आहे हे पाहायचे तर ‘कॉग्नेट’ किंवा ‘प्रेग्नंट’ हे शब्द पाहावेत. आता हा ‘ग’ परत जागी बसवला की एक ओळखीचा चेहरा दिसू लागतो. लॅटिनमधल्या काही ‘ग’च्या जागी संस्कृतमध्ये ‘ज’ येतो, आणि इंग्रजीच्या मूळच्या शब्दांत ‘क’ येतो. उदाहरणे पाहू.

गुडघ्याला संस्कृतमध्ये ‘जानु’, लॅटिनमध्ये ‘गेनु’ आणि इंग्रजीत ‘नी’. इंग्रजी शब्दाच्या आरंभी लिहिले जाणारे ‘के’ हे अक्षर आपण उच्चारत नाही, पण एके काळी ते उच्चारले जाई. जाणण्याला संस्कृतमध्ये ‘ज्ञा’ धातू, इंग्रजीत ‘नो’. इथेही ते मुके ‘के’ आहेच. आणि जन्माला संस्कृतमध्ये ‘जन्’, लॅटिनमध्ये ‘गेनुस’ म्हणजे कूळ, इंग्रजीत ‘किन’ म्हणजे नातेवाईक.

म्हणजे लॅटिन ‘ग्नातुस’ आणि संस्कृत ‘जात’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. दोन्हींचा अर्थ ‘जन्मलेला’. आपला ‘जाती’ हा शब्द याच ‘जन्’ धातूचा. तेव्हा ‘नेटिव्ह’ आणि ‘जात’ हे शब्द दूरचे चुलत भाऊ ठरतात. योगायोग असा की दोघांच्या वाट्याला सारखेच भोग आले. तिकडे लवकरच वळू. जाता जाता एवढेच सांगतो, की विल्हेल्म योहान्सेन या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने १९०९ साली आनुवंशिक घटकासाठी ‘जीन’ हा शब्द घडवला, तोही याच कुळातल्या ग्रीक शब्दावरून.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, हे विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. ध्वनी कसे नियमाने बदलतात हे याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये पद्धतशीर दाखवले. इथे ‘नियम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून ते एका मूळचे होत नाहीत. मराठीतलेच उदाहरण घ्या. ‘नाते’ आणि ‘नातू’ हे शब्द एकाच घरचे वाटतात. पण ‘नाते’चे मूळ अभ्यासक संस्कृत ‘ज्ञाति’च्या कुळात लावतात, म्हणजे ते ‘जन्’च्या परिवारातले. ‘नातू’ मात्र ‘नप्तृ’ या अगदी वेगळ्या शब्दाचा वंशज आहे. इंग्रजीतला ‘नेफ्यू’ त्याचा नातलग. तसेच ‘जांबे’ हे गावाचे नाव ऐकले की कोणाला जांभूळ आठवेल, कोणाला जांब हे फळ, तर कोणाला जांभा दगड. पण ध्वनीचे साम्य हा पुरावा नव्हे, ती फक्त शंका. पुरावा नियमाने आणि जुन्या नोंदींनी मिळतो. विज्ञानाच्या वर्गात आपण जी शिस्त सांगतो तीच इथेही लागते.

जन्माने बांधलेला

‘जन्माने असलेला’ हा अर्थ निरुपद्रवी वाटतो. पण मध्ययुगीन इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या दप्तरात ‘नातिवुस’ हा शब्द एका विशिष्ट माणसासाठी वापरलेला आढळतो. तो म्हणजे जन्माने बांधील असलेला कूळ-गुलाम. त्याचा बाप त्या जहागिरीला बांधलेला, म्हणून तोही बांधलेला. धन्याच्या परवानगीवाचून तो गाव सोडू शकत नसे. बाहेर राहायचे तर त्याबद्दल पैसे भरावे लागत. पळून गेला तर धनी त्याला परत आणू शके. सुटकेची एक वाट होती. हक्काची सनद असलेल्या शहरात तो वर्ष आणि एक दिवस सुखरूप राहिला, तर तो मोकळा माणूस मानला जाई. जन्माने बांधलेले, वास्तव्याने सुटे झाले.

असाच आणखी एक शब्द आहे, आणि जुन्या पिढीतल्या शिक्षकांच्या तो चांगला परिचयाचा असेल. मराठी सातवीनंतरच्या परीक्षेला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणत. ती उत्तीर्ण झालेल्या कितीतरी जणांनी खेड्यापाड्यांत शाळा चालवल्या. या ‘व्हर्नाक्युलर’च्या मुळाशी लॅटिन ‘वेर्ना’ आहे. ‘वेर्ना’ म्हणजे धन्याच्या घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘घरचे, देशी’ असा अर्थ आला, आणि मग ‘देशी भाषा’. १८७८ च्या व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्टने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधने घातली, तेव्हा त्या शब्दाचा जुना अर्थ फार दूर राहिला नव्हता असे म्हणावेसे वाटते.

नेटिव्ह हिंदुस्थानात येतो

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात ‘नेटिव्ह’ हा शब्द सरकारी आणि सार्वजनिक व्यवहारात सर्वत्र दिसतो. मराठी शालेय पुस्तकांची पायाभरणी करणाऱ्या संस्थेचे नावच बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी होते. बाळशास्त्री जांभेकर तिचे ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ होते. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने झाली, ती पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी या नावाने. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८६४ मध्ये इंग्रजी-मराठी साप्ताहिक काढले, त्याचे नाव ‘नेटिव्ह ओपिनियन’. म्हणजे आपल्या लोकांनीही हा शब्द बिनदिक्कत, काही वेळा अभिमानाने वापरला.

पण त्याच काळात साहेबाच्या तोंडी ‘नेटिव्ह’ म्हणजे खालचा, काळा, अजून शहाणा न झालेला असा सूर चढत गेला. जन्मस्थान सांगणारा शब्द दर्जा सांगू लागला. गंमत अशी की कायद्याला मात्र या शब्दाची व्याख्या करावी लागली. १८७० च्या एका ब्रिटिश कायद्याने ‘नेटिव्ह ऑफ इंडिया’ कोणाला म्हणायचे ते ठरवले. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला आणि स्थायिक असलेला, ज्याचे आईबाप तिथे नेहमीचे राहणारे आहेत, केवळ तात्पुरत्या कामासाठी आलेले नाहीत, असा कोणीही. या व्याख्येत रंग नाही, धर्म नाही. व्यवहारात ज्यांना कोणी ‘नेटिव्ह’ म्हणाले नसते, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मिश्र वंशाचे लोकही तिच्यात बसत होते. शब्दाचा कायद्यातला अर्थ एक आणि क्लबाच्या दारावरचा अर्थ वेगळा.

मिरास, वतन आणि उपरी

हे सारे साहेबाने आणले, आपल्याकडे असे काही नव्हते, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. मराठी मुलखात ‘गावचा’ आणि ‘बाहेरचा’ यांची काटेकोर भाषा आधीपासून होती. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात शेतकऱ्यांचे दोन वर्ग आढळतात : मिरासदार आणि उपरी. टॉमस कोट्स या डॉक्टरने १८२० मध्ये पुण्याजवळच्या लोणी गावाचे वर्णन केले, त्यातही हा भेद येतो.

‘मिरास’ हा शब्द अरबी, अर्थ वारसा. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती तो विकू शके, गहाण टाकू शके. दुष्काळात गाव सोडून गेला आणि बऱ्याच वर्षांनी परतला, तरी हक्क सांगू शके. गावाच्या मानपानात त्याला जागा असे. उपरी मात्र वरून आलेला. तो कराराने जमीन कसायचा, करार संपला की हक्क संपला. दोघे एकाच गावात राहत, एकाच विहिरीचे पाणी शेताला देत, पण एक गावचा आणि दुसरा नुसता गावात.

‘वतन’ हाही अरबी शब्द. हिंदी-उर्दूत त्याचा अर्थ मायभूमी असाच राहिला. मराठीत मात्र तो गावच्या वंशपरंपरागत कामाला आणि त्याबद्दल मिळणाऱ्या जमिनीला व हक्काला लागला. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, आणि महाराचेही वतन. इथे ‘नातिवुस’ची आठवण होते. पाटलासाठी वतन हा मान होता. महारासाठी तेच वतन म्हणजे दिवसरात्र सरकारची आणि गावची चाकरी, आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते. जन्म या घरी झाला म्हणून हे काम, आणि हे काम म्हणून ही जागा. ‘गावचा’ असणे म्हणजे गावाला बांधलेला असणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके ओळखले होते. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा अखेर १९५८ मध्ये झाला.

आपलेपणा सांगणारा शब्द कोणासाठी छप्पर असतो आणि कोणासाठी बेडी. शब्द तोच, तो कोणाला लागतो यावर सारे अवलंबून.

मुळशीचे मूळचे

आणि जन्माचा हक्क तरी किती पक्का असतो? त्याचे उत्तर शोधायला जांब्याहून लांब जायला नको. याच तालुक्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती. नीला आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यातली भातजमीन आणि पन्नासच्या आसपास गावे त्यासाठी जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, लोक तुरुंगात गेले, पण धरण थांबले नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जन्मलेल्या, ज्यांच्या मिरासीबद्दल कोणाला शंका नव्हती अशा माणसांना उठावे लागले. मूळचे असणे त्यांना वाचवू शकले नाही.

ज्या मुंबईकडे ती वीज गेली, त्याच मुंबईत ‘नेटिव्ह’ या शब्दाने कूस बदलली. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार, पोर्टर, घरगडी हे सगळेच कुठून तरी आलेले. तिथे ‘नेटिव्ह प्लेस’ हा शब्द रूढ झाला. “मे महिन्यात नेटिव्हला जाणार,” हे वाक्य चाळीत कोणी अपमान म्हणून बोलत नव्हते. त्यात गणपती होते, शिमगा होता, म्हातारी आई होती. साहेबाने तुच्छतेने वापरलेला शब्द आपण उचलला आणि त्यात माया भरली.

गाव सोडल्यावरच गावाची ओळख लागते, हे आपली आडनावेही सांगतात. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून कितीतरी आडनावे झाली आहेत. विचार करा, गावात सगळेच त्या गावचे असतात. तिथे ‘कर’ लावून वेगळे काय कळणार? दुसऱ्या गावात गेल्यावरच त्या नावाला अर्थ येतो. म्हणजे अशा आडनावात मुळाइतकीच वाटचालही नोंदलेली असते.

वनस्पतींचे नागरिकत्व

आता पुन्हा आपल्या दोन रकान्यांकडे येऊ. झाडाझुडपांना ‘नेटिव्ह’ आणि ‘परका’ म्हणण्याची शास्त्रीय पद्धत फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स्लो या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास आणि ह्युएट वॉटसन याने १८४७ मध्ये ती मांडली. विशेष असे की ही भाषा त्यांनी निसर्गातून नव्हे, तर इंग्लंडच्या नागरिकत्वाच्या कायद्यातून उचलली. वॉटसनने दोनच रकाने केले नव्हते. ‘नेटिव्ह’ आणि ‘एलियन’ यांच्यामध्ये त्याने एक ‘डेनिझन’ ठेवला होता. कायद्यात डेनिझन म्हणजे राजाने सनद देऊन हक्क बहाल केलेला परदेशी. वनस्पतींत डेनिझन म्हणजे माणसाबरोबर आली असावी असा संशय आहे, पण आता कोणाच्या मदतीवाचून इथे सुखाने नांदते अशी वनस्पती. मराठीत आपण तिला ‘रुळलेली’ म्हणू.

हा तिसरा रकाना किती मोठा आहे ते पाहा. चिंचेचे शास्त्रीय नाव ‘टॅमरिंडस इंडिका’. मूळ अरबी ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. नावात दोनदा हिंदुस्थान असलेले हे झाड मूळचे आफ्रिकेतले. ज्वारी, बाजरी, नाचणी या तिन्ही धान्यांचे मूळ आफ्रिकेत आहे. ती काही हजार वर्षांपूर्वी इकडे आली. मिरची, शेंगदाणा, मका, बटाटा, पेरू, सीताफळ हे सारे अमेरिकेतले, गेल्या पाचएकशे वर्षांत आलेले. तेव्हा जांब्याच्या बांधावर बसून भाकरी आणि शेंगदाणा घातलेला मिरचीचा ठेचा खाणारा शेतकरी आफ्रिका आणि अमेरिका यांची न्याहारी करत असतो. त्याला कोणी परदेशी जेवण म्हणेल का?

तो ज्या काळ्या कातळावर बसला आहे त्याचीही तीच गत. दख्खनचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यापासून तयार झाला, तेव्हा भारताचे भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होते. दगडसुद्धा प्रवास करून आलेला.

मग देशी-विदेशी हा भेदच निरर्थक म्हणायचा का? तसे म्हणणे चुकीचे होईल. गाजरगवत हे अमेरिकेतले तण १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या परागांनी आणि स्पर्शाने अनेकांना त्रास होतो. त्याला खाऊन आटोक्यात ठेवणारे कीटक त्याच्या मायदेशी राहिले, म्हणून ते इथे मोकाट वाढले. १९८० च्या दशकात त्याच्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा भारतात मुद्दाम आणून सोडण्यात आला. घाणेरीनेही रानेच्या राने व्यापली आहेत. पण नीट पाहिले तर आपली तक्रार हे तण ‘आले’ याबद्दल नाही. ते इतरांना वाढू देत नाही याबद्दल आहे. मिरचीही तितक्याच लांबून आली, पण तिने कोणाचे रान गिळले नाही. तेव्हा वनस्पतीबद्दलही ‘कुठून आली’ हा पहिला प्रश्न ठरतो, शेवटचा नव्हे. शेवटचा प्रश्न ‘इथे कशी नांदते’ हा.

आणि वनस्पतींवरून माणसांचे निष्कर्ष काढताना तर दुप्पट सावध राहायला हवे. गाजरगवत ही एक वेगळी जाती आहे. माणसे सगळी मिळून एकच जाती आहेत, आणि तिचे मूळ आफ्रिकेत आहे. माणसांच्या कायद्यातली भाषा वनस्पतिशास्त्राने उसनी घेतली. ती ‘शास्त्रीय’ होऊन माणसांवर परत आली, की उधारीचे नाणे सोन्याचे म्हणून खपवल्यासारखे होते.

तीन दारे

माणसांच्या बाबतीत आपण एकदा याचे उत्तर जाणीवपूर्वक दिले आहे. राज्यघटनेचे पाचवे कलम २६ नोव्हेंबर १९४९ रोजी अमलात आले. भारतात ज्याचा अधिवास आहे आणि जो इथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक इथे जन्मले, किंवा जो लगतची निदान पाच वर्षे इथे सामान्यपणे राहत आला, तो नागरिक. जन्म हे तीनपैकी एक दार होते, एकमेव नव्हे. नागरिकत्वाचा पुढचा कायदा १९५५ चा, आणि त्यात नंतर अनेक बदल झाले. पण देशाचा पाया घालताना वास्तव्याला जन्माच्या शेजारी बसवले होते, हे विसरता कामा नये. पंधरावे कलम तर जन्मस्थानावरून राज्याने भेदभाव करू नये असे स्पष्टच सांगते. कूळ कायद्यानेही १ एप्रिल १९५७ या ‘कृषिदिनी’ हेच तत्त्व जमिनीला लावले : मिरास कोणाची यापेक्षा कसतो कोण याला वजन दिले.

जांब्याला मी पुन्हा गेलो तेव्हा पाटीवर दोन रकान्यांऐवजी तीन आखले : ‘मूळचे’, ‘रुळलेले’ आणि ‘इतरांना त्रास देणारे’. चिंच, पेरू आणि गुलमोहर मुलांनीच उचलून मधल्या रकान्यात टाकले. मग मी विचारले, “तुमच्यापैकी किती जणांची आई याच गावात जन्मली?” वर्गात शांतता. एकही हात वर आला नाही. कोणाची आई मावळातली, कोणाची भोरकडची, कोणाची थेट लातूरची. माहेर सोडून सासरी आलेल्या या बायका या गावाची घरे चालवतात, शेते लावतात. “म्हणजे सगळ्यांच्या आया बाहेरच्या?” ज्याने बोट दाखवले होते तोच मुलगा म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “पण आई कशी बाहेरची असंल?”

उत्तर मी दिले नाही. त्या मुलीने वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले ते पाहिले. तिने तीन गावे लिहिली होती : आजोबांचे, जन्माचे आणि जांबे. शेवटच्या नावाखाली रेघ मारली होती.

आपल्या वर्गातही हे करून पाहता येईल. मुलांना घरी विचारून दोन पिढ्यांची जन्मगावे आणि राहण्याची गावे नकाशावर मांडायला सांगा. आजीचे माहेर विसरू नका. शाळेच्या आवारातल्या दहा झाडांची मूळ घरे त्याच नकाशावर दाखवा. मग दुपारच्या डब्यातल्या पदार्थांची. रेघा कुठून कुठे जातात ते मुले पाहतीलच. त्यानंतर ‘नेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ त्यांना सांगण्याची फारशी गरज उरणार नाही.